४४ की ३६? दुधाच्या सायकलीचा हिशोब



आज वाटाण्याचं काही नाही, सीताफळाच्या छाटणीचंही नाही. आज सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाबद्दल, म्हणजे आपण ज्याला चेनव्हील म्हणतो त्याबद्दल लिहितोय. हसू नका. या एका चाकापायी एका दिवसाचं दूध रस्त्यावर सांडलंय, गुडघा सुजलाय आणि खिसा दोनदा मोकळा झालाय. खताचा आणि फवारणीचा खर्च जिथं लिहितो तिथंच हेही लिहायला पाहिजे.

आधी रस्ता सांगतो, कारण सगळं गणित रस्त्यात आहे.

आमचं गाव पुरंदरात, उंचावर. शेत आणि गोठा खाली ओढ्याकाठी. त्यामुळं पहाटे रिकामं जाताना उतार आणि दूध घेऊन येताना चढ. ज्यानं कुणी हे गाव वसवलं त्यानं दुधाचा विचार केलेला नव्हता. गोठ्यापासून ओढ्याच्या कडेनं सहाशे मीटर गाडीवाट, सपाट पण कच्ची. मग तीनशे मीटर चढ. चढ संपतो तिथं मारुतीचं देऊळ. देवळापासून डेअरीपर्यंत तीन किलोमीटर डांबरी, जवळजवळ सपाट. डेअरीचा काटा सव्वासातला बंद होतो म्हणजे होतो.

घरात मोटारसायकल आहे, पण ती धाकटा भाऊ पहिल्या पाळीला जेजुरीच्या एमआयडीसीत घेऊन जातो. दुसरी घ्यायची म्हणजे हप्ता आला, आणि अकरा लिटर दुधासाठी हप्ता परवडत नाही. पोराची सायकल मात्र ओसरीवर पडून होती. तो दहावीत असताना घेतलेली. बारावीनंतर तो पुण्याला होस्टेलवर गेला आणि सायकल कोंबड्यांच्या ताब्यात गेली. २६ इंची चाकं, जाड टायर, एमटीबी म्हणून दुकानात विकतात ती. पण गिअर नाही. पुढं ४४ दाते, मागं फ्रीव्हीलला १८. बस.

गिअरची का घेतली नाही, तर भाच्याकडं आहे ती बघितलीय म्हणून. एक पावसाळा ती आमच्या गाडीवाटेनं चालवली. ओढ्याकाठची चिकण माती मागच्या गिअरच्या त्या लोंबत्या बोटात अशी बसायची की साखळी जागेवर राहायची नाही. एकदा बांधावरचा दगड लागून ते बोटच वाकलं आणि आरीत गेलं. चार आऱ्या तुटल्या. डांबरी रस्त्यावर ती सायकल झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. आमच्या वाटेला एकच चाक पुढं आणि एकच मागं असलेली बरी. मोडायला काही राहतच नाही. पण मग ते पुढचं एक चाक किती दात्यांचं, हा प्रश्न सगळ्या रस्त्याला मिळून एकदाच सोडवायचा असतो. चुकला तर रोज चुकतो.

मला हा प्रश्न आहे हेच पहिले चार महिने कळलं नाही. सायकल जशी आली तशी मारत होतो. गाडीवाट ठीक, डांबरी तर एकदम ठीक, वाऱ्यासारखी जायची. चढावर मात्र उभं राहून, हँडल छातीकडं ओढून, एकेक पायडल दाबत जायचो. अर्ध्यात छातीचा भाता व्हायचा. दोन महिन्यांत डावा गुडघा जिना उतरताना बोलायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी वाटी दाबून बघितली आणि सांगितलं, वाटीच्या मागं घासतंय, चढावर उभं राहून जोर लावू नका. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहून चढलो. काटा सव्वासातला बंद होतो ना.

मग तो दिवस आला. मार्गशीर्षातली पहाट, रस्ता दवानं ओला. चढाच्या मधोमध, सगळा भार उजव्या पायडलवर असताना साखळी दात्यांवरून कडकन घसरली. पाय एकदम मोकळा खाली गेला, गुडघा दांडीवर आपटला आणि मी सायकलीसकट डाव्या बाजूला. किटलीचं झाकण उडालं. अकरा लिटर दूध उतारानं खाली, ज्या वाटेनं आणलं त्याच वाटेनं परत गोठ्याकडं निघालं. साधारण सहाशे रुपये. गावातली दोन कुत्री मागून आली ती दुपारपर्यंत तिथंच होती. घरी सौ. काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

उजेडात चेनव्हील नीट बघितलं. दाते सरळ उभे असायला पाहिजेत, ते वाघनखासारखे एका बाजूला वाकून टोकदार झाले होते. साखळी टेपनं मोजली. सायकलीच्या साखळीचे सांधे अर्ध्या अर्ध्या इंचावर असतात, त्यामुळं चोवीस सांध्यांचं अंतर बरोबर बारा इंच भरायला पाहिजे. अर्धा सूत जास्त भरलं तर साखळी बदलायची. एक सूत भरलं तर साखळीनं दातेही खाल्ले असं समजायचं. माझी एक सुतापेक्षा जास्तच लांबली होती. टेप सगळ्यांच्या घरात असतो. बघून ठेवा, आमच्यासारखं दूध सांडायची वाट बघू नका.

तर चेनव्हील, साखळी, फ्रीव्हील, तिन्ही बदलणं भागच होतं. बाजारच्या दिवशी सायकल घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. चाचा म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले सायकल मिस्त्री, चाळीस वर्षं त्याच टपरीत. त्यांनी हातोडीनं दोन ठोके टाकून काटर पिन काढली, जुनं चेनव्हील खाली टाकलं आणि विचारलं, "किती दात्याचं देऊ?"

मी म्हणलं, "किती दात्याचं म्हणजे? होतं तसंच द्या."

"तसंच बसवलं तर तसंच पडशील," चाचा म्हणाले.

हे ऐकून मी बाकड्यावर बसलो आणि तिथंच खडूनं फरशीवर हिशोब मांडला. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रावर ज्यांनी काम केलंय त्यांना हा हिशोब नवा नाही. यंत्राचं चाक जमिनीवर फिरतं, त्यावरून साखळीनं पेटीतली बियाण्याची चकती फिरते. मधली चक्री कमी-जास्त दात्यांची घातली की दोन दाण्यांतलं अंतर बदलतं. मागच्या खरिपात मक्यासाठी मीच ती बदलली होती. सायकलीत फक्त उलटं आहे. इथं आपण फिरवतो आणि जमिनीवरचं चाक पळतं.

४४ भागिले १८, म्हणजे पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे घेतं. माझ्या चाकाचा घेर दोरीनं मोजला तर २ मीटर ६ सेंटीमीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल ५ मीटर पळते. त्याच फेऱ्यात आपला पाय किती चालतो? पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, १७ सेंटीमीटरचा. त्याचा गोल १ मीटर ७ सेंटीमीटरचा. पाय एक मीटर चालतो आणि सायकल पाच मीटर. फुकट काहीच मिळत नाही, त्यामुळं जितक्या पटीनं अंतर वाढलं तितक्या पटीनं जोर लावावा लागणार. इथं ती पट ४.७.

आता चढ. पाणलोटाच्या कामावेळी आम्ही पाण्याच्या नळीनं लेव्हल काढायला शिकलो होतो. दुसऱ्या दिवशी चुलतभावाला घेऊन चढ मापला. पहिल्या २४० मीटरला १९ मीटर उंची, म्हणजे शंभराला आठ. शेवटच्या ६० मीटरला ७ मीटर, म्हणजे जवळजवळ शंभराला बारा. देवळाखालचा तो टप्पा जास्त आहे हे पायांना माहीत होतं, आता वहीलाही कळलं.

मी ६६ किलो, सायकल १८, दूध आणि किटली १३, आणि विळा, डबा, बॅटरी वगैरे ३. बरोबर शंभर किलो. शंभराला आठच्या चढावर हे सगळं ८ किलोच्या जोरानं मागं ओढलं जातं. कच्च्या वाटेचा अडथळा दीड किलो धरा. साडेनऊ. त्याला ४.७ नं गुणलं की पायडलवर सरासरी ४५ किलो येतात. आणि ही सरासरी आहे. पायडल वर किंवा खाली असताना जोर लागतच नाही, दांडा आडवा असताना सगळा लागतो, तेव्हा तो सरासरीच्या दीडपटीपेक्षा थोडा जास्त असतो. म्हणजे ७० किलो. माझं वजन ६६. नुसता उभा राहिलो तरी पायडल खाली जाणार नाही, हातानं हँडल ओढूनच ते दाबावं लागणार. चार महिने मी हेच करत होतो आणि वर वयाला दोष देत होतो.

चाचांकडं ३६ आणि ३२ असे दोन पर्याय निघाले. तिसरा त्यांनीच सांगितला. पुढं ४४ चंच नवं घाल आणि मागं १८ च्या जागी २२ चं फ्रीव्हील घाल. हिशोब सारखाच, ३६ ला १८ म्हणजे दुप्पट आणि ४४ ला २२ म्हणजेही दुप्पट. "दोन्ही चाकं मोठी असली की साखळीवर ताण कमी येतो, जास्त दिवस जाते," असं ते म्हणाले आणि ते खरंच आहे. पुढचं चाक लहान झालं की तोच जोर कमी लांबीच्या हातानं ओढल्यासारखा होतो, साखळी जास्त ताणली जाते. पण २२ चं त्यांच्याकडं नव्हतं, मागवावं लागणार होतं, आणि मला दुसरंही एक कारण होतं. आमच्या वाटेत तीन ठिकाणी बांध ओलांडावा लागतो आणि ४४ चं चेनव्हील दगडाला घासायचं. ३६ चं घेतलं की ते खालून दीड सेंटीमीटरभर वर राहतं. बांधावर दीड सेंटीमीटर पुष्कळ झालं.

इथवर मी शहाण्यासारखा वागलो. पुढची चूक सगळी माझी.

फरशीवरचे आकडे बघून मला हाव सुटली. ३६ नं एवढं हलकं होतंय तर ३२ नं आणखी होईल. ३२ भागिले १८, एका फेऱ्यात ३ मीटर ६६ सेंटीमीटर. पट ३.४. जोर ४५ वरून थेट साडेबत्तीस. देवळापर्यंत बसून जाईन, असा विचार. ३२ चं काढायला लावलं.

चाचा म्हणाले, "हे पोरांच्या सायकलचं आहे बघ."

मी म्हणलं, "दाते ३२ आहेत ना? मग झालं."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गिऱ्हाइकांच्या रांगेकडं बघितलं आणि बसवून दिलं. या साध्या सायकलींना चेनव्हील उजव्या क्रँकला कायमचं जडवलेलं असतं, त्यामुळं दात्यांसोबत दांडाही येतो, आणि दोन्ही दांडे सारखे पाहिजेत म्हणून डावाही बदलला. साखळीतून तीन जोड काढले. हे तीन जोड मी मागून घेतले आणि खिळ्यांच्या डब्यात टाकले. टाकून देऊ नका, पुढं कामाला येतात.

तीन आठवडे चालवली. आणि मंडळी, काही कळेना. डांबरीवर पाय शिलाई मशीनसारखे फिरायचे आणि शेजारून शाळेची पोरं पुढं जायची. ते ठीक, ते धरलेलंच होतं. पण चढावर हलकं का वाटत नाही? थोडं वाटायचं, पण फरशीवर जेवढं लिहिलं होतं तेवढं नाही. गुडघा तसाच. मला वाटलं नवीन फ्रीव्हील जड आहे. तेल घातलं. मग वाटलं ब्रेक घासतोय. रबर सैल केले आणि दोन दिवस उतारावर जीव मुठीत धरून गेलो. मग वाटलं म्हशीचं दूध वाढलंय की काय. काटा रोज अकराच दाखवत होता.

कळलं ते अचानक. सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होतो आणि जुना ४४ चा क्रँक शेजारी पडला होता. सहज दोन्ही जवळ धरले. पोरांच्या सायकलीचा दांडा दोन बोटं आखूड. टेप लावला तर १५ सेंटीमीटर. खटकन डोक्यात उजेड पडला. १५ चा दांडा म्हणजे पायाचा गोल १ मीटर ७ चा राहिला नाही, ९४ सेंटीमीटरचा झाला. ३ मीटर ६६ ला ९४ नं भागा. ३.९ येतं. आता ३६ दाते आणि १७ चा दांडा धरून तोच हिशोब करा. ४ मीटर १२ भागिले १ मीटर ७. ३.८५! म्हणजे जोर ३६ चा लावत होतो आणि वेग ३२ चा मिळत होता. दोन्हीकडून मार.

कुदळीचा दांडा आखूड केला तर माती जड लागते हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण सायकलीला मी दाते मोजत बसलो आणि दांडा विसरलो. एक सांगायला पाहिजे, आखूड दांड्यानं गुडघा कमी दुमडतो, त्यामुळं काहींना तो मुद्दाम बरा वाटतो. माझ्या गुडघ्याला दुमडण्याचा त्रास नाही, जोराचा आहे.

परत चाचांकडं. त्यांनी काही न बोलता आतून ३६ चं काढलं. "हे पण लहान सायकलचं," म्हणाले. या वेळी मीच टेप खिशातून काढला. साडेपंधरा. नको. मग त्यांनी पुण्याहून १७ च्या दांड्याचं ३६ मागवलं, आठवडा लागला. तोवर ३२ वर शिलाई मशीन चालू होतं.

बसवताना डब्यातला एक जोड साखळीत परत घातला आणि मागचं चाक फटीत मागंपुढं सरकवून ताण बघितला. साखळी मधोमध बोटानं दाबली की अर्धा इंच हलली पाहिजे. ताठ केली तर बेरिंग खाते, सैल ठेवली तर बांधावर उतरते. आणि एक गोष्ट लहान चाक घालताना हमखास बघायची. मागून एक डोळा मिटून पुढचं चाक आणि मागचं चाक एका ओळीत आहेत का बघायचं, पेरताना तास सरळ आलाय का बघतो तसं. माझं पुढचं दोन-तीन मिलिमीटर आत आलं होतं. चाचांनी मागच्या फ्रीव्हीलखालची चकती काढून ते जुळवलं.

आता खरा निकाल सांगतो, फुगवून नाही. ३६ वर शंभराला आठचा चढ बसून जातो. पायडलवर सरासरी साडेछत्तीस किलो, दांडा आडवा असताना साधारण ५७. माझ्या वजनाच्या आत. हँडल ओढावं लागत नाही. शेवटचे ६० मीटर, तो देवळाखालचा शंभराला बाराचा टप्पा, मी उतरून सायकल हातात धरून चढतो. हिशोब करून बघितलाय. तिथं ३६ नं ८० च्या वर जातं, आणि पूर्ण लांबीच्या दांड्याचं ३२ घेतलं असतं तरी ७० च्या वरच गेलं असतं. म्हणजे ३२ घेऊनही उतरावंच लागलं असतं आणि वर डांबरीवर रोज तीन किलोमीटर पाय फिरवत बसलो असतो. म्हणून ३६.

वेळेचं म्हणाल तर डांबरीवर ४४ पेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात. गुडघा दुखायला लागल्यावर शेवटी शेवटी मी पूर्ण चढ हातात धरून यायचो, त्या मानानं चढावर अडीच-तीन मिनिटं वाचतात. म्हणजे गोठ्यापासून काट्यापर्यंत अर्ध्या-पाऊण मिनिटाचा फायदा. एवढ्या उलाढालीतून एवढंच. पण जिना उतरताना गुडघा आता गप्प असतो, आणि किटली तेव्हापासून एकदाही आडवी झाली नाही.

३६ ला १८ मध्ये एक खोट आहे, ती घेणाऱ्यानं माहीत करून घ्यावी. बरोबर दुप्पट असल्यामुळं पायाचा मोठा जोर येतो तेव्हा मागच्या फ्रीव्हीलचे दरवेळी तेच दोन-तीन दाते साखळीत असतात. डावा पाय असो की उजवा, मार त्यांनाच. बाकीचे दाते नवेच्या नवे आणि तेवढे झिजलेले, असं होतं. ४४ ला १८ किंवा ३२ ला १८ मध्ये मार फिरत राहतो. उपाय सोपा आहे. दर महिन्याला साखळी साफ करायला उतरवली की परत चढवताना मागचं चाक चार-पाच दाते पुढं फिरवून बसवायची. मी अमावस्येला करतो. तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

आता आण्णांचं. आमचे वडील, वय ७४. त्यांची ॲटलास अजून पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. २८ इंची, पुढं ४८, मागं १८. मी तिचाही हिशोब काढला, एका फेऱ्यात जवळजवळ ६ मीटर. एवढ्या जड सायकलवर दोन किटल्या लावून त्यांनी तीस वर्षं याच रस्त्यानं दूध वाहिलं. कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद पडला, सायकल चालू आहे. या काळ्या सायकलींचे भाग सगळे एकाच मापाचे, अजून कुठंही मिळतात.

लहानपणी मला एका गोष्टीची लाज वाटायची. आण्णा चढाच्या पायथ्याशी, आंब्यापाशी रोज उतरायचे आणि पूर्ण चढ सायकल हातात धरून यायचे. दुसऱ्या डेअरीवाल्यांतले एक-दोन गडी उभं राहून चढायचे, शीळ घालत. मी शाळेच्या रस्त्यावर उभा राहून बघायचो आणि वाटायचं आपल्या बापात दम नाही. माझी सायकल मी आंब्यापाशी कधी थांबवली नाही, त्याच्या मागं हे पण असणार. पडलो त्या दिवशीपर्यंत.

परवा संध्याकाळी वहीतले आकडे त्यांना वाचून दाखवले. ४८ ला ५.६ पट. दोन किटल्यांसकट त्यांचं ओझं सव्वाशेच्या घरात धरलं तर चढावर सरासरी सहासष्ट किलो पायडलवर. आण्णा त्या वेळी ५५ किलोचे असतील. म्हणलं, "आण्णा, तुम्ही चढूच शकला नसता. कुणीच नसता."

ते म्हणाले, "आरं, ते मला आंब्यापाशी पयल्याच दिवशी कळलं हुतं. त्याला वही कशापायी?"

मग जरा वेळानं, ॲटलासकडं बघत म्हणाले, "तुझं ते ४४ चं हिला बसंल का?"

"दाते गेलेत त्याचे."

"मग नवं आण. खालपतूर जाऊन येत जाईन म्हणतो. येताना आंब्यापासनं हातात धरून."

मी टेप घेऊन त्यांच्या क्रँकची लांबी मोजली. साडेसोळा. उद्या बाजार आहे, चाचांकडं जाणार आहे. डॉक्टरांना विचारावं लागेल, सौ. आणि आईला पण. ४४ नेऊ की सरळ ३६, ते अजून ठरलं नाही.